फिट येते, आणि कुत्रंही फिरवायचं आहे

रविवारी विहारात वंदना झाली, की आमच्याभोवती चार-पाच जणी हमखास थांबतात. कुणाची शुगर वाढलेली, कुणाच्या सुनेचं रक्त कमी, कुणाला बीपीचा कागद दाखवायचा. मागच्या उन्हाळ्यात एक बाई सगळ्या जाईपर्यंत चपला शोधत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पोरीला फिट येती. ती समोरच्या बिल्डिंगीतली कुत्री फिरवायचं काम करती. बंद करू का काम?"

आम्ही लगेच हो-नाही म्हटलं नाही. आधी काय घडलं ते विचारलं. काही घडल्याशिवाय आई असं विचारायला येत नाही.

घडलं होतं ते असं. मुलगी २३ वर्षांची, बारावी झालेली. आई त्याच सोसायटीत तीन घरची धुणीभांडी करते, तिच्या ओळखीने हे काम मिळालं. आपल्या वस्त्यांतली बरीच पोरं आता हे काम करतात. सकाळ-संध्याकाळ कुत्री फिरवायची, महिन्याला घरामागे ठरलेले पैसे. हिच्याकडे तीन कुत्री होती: एक दांडगं लॅब्रेडोर, एक छोटं केसाळ, आणि एक आपलं साधं देशी. फिट हिला चौदाव्या वर्षापासून. गोळ्या चालू, वर्षा-दोन वर्षांत एखादी फिट. लग्नाचं बघणं चालू होतं, म्हणून बाहेर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आदल्या रात्री नात्यात हळद होती. घरी यायला दोन वाजले, रात्रीची गोळी राहून गेली. पहाटे साडेपाचला चहासुद्धा न घेता ती निघाली. तिन्ही दोऱ्या एकाच मनगटाला गुंडाळल्या, कारण दुसऱ्या हातात मोबाइल. गेटबाहेर रस्त्यावर फिट आली. लॅब्रेडोर बिथरून पळालं आणि दोरी मनगटाला असल्यामुळे तिला गटाराच्या कडेपर्यंत फरफटत घेऊन गेलं. छोटं कुत्रं अंगावर उभं राहून भुंकायला लागलं, त्यामुळे लोक जवळ येईनात. आले तेव्हा एकाने नाकाला चप्पल लावली, एकाने मुठीत किल्ल्या कोंबल्या. शेवटी एका रिक्षावाल्याने गमछ्याने कुत्री रेलिंगला बांधली आणि पोरीला कुशीवर वळवलं. भुवईवर चार टाके पडले, मनगटाची सालटी निघाली. दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. दोन घरांनी काम बंद केलं.

आई म्हणत होती, "फिटने घात केला." आम्ही त्या सकाळीचा हिशेब तिच्यासमोर मांडला. गोळी राहिली, झोप झाली नाही, पोट रिकामं, तीन कुत्री एका हाताला, वाट रस्त्याकडेची, आणि आसपास एकाही माणसाला हिच्या आजाराची माहिती नाही. फिट आलीच असती असं धरलं, तरी फरफट, टाके आणि चप्पल या तीन गोष्टी टळल्या असत्या. आज या पानावर त्याचंच सविस्तर लिहितो आहोत. ज्यांच्या घरी फिटचा माणूस आहे आणि दारात कुत्रं आहे, त्यांनी तर वाचावंच.

आधी आजाराबद्दल. फिट, फेफरं, मिरगी, आकडी, अपस्मार ही सगळी एकाच आजाराची नावं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या संदेशांनी बोलत असतात. काही क्षण हे संदेश एकदम आणि बेताल सुटले, की फिट येते. डोक्याला मार, लहानपणी मेंदूज्वर, बाळंतपणात बाळ गुदमरणं, मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ, अशी कारणं सापडतात. बऱ्याच जणांत कारण सापडतही नाही. तो संसर्गाचा रोग नाही, शिवल्याने होत नाही, लाळेने होत नाही. अंगात येण्याशी आणि बाहेरच्या बाधेशी त्याचा काहीही संबंध नाही. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरातूनसुद्धा फिटच्या पोराला गुपचूप भगताकडे नेलेलं आम्ही पाहिलं आहे, म्हणून हे लिहावं लागतं.

कुत्र्यामुळे फिट येते, कुत्र्याचा केस पोटात गेला की मिरगी होते, असंही लोक आम्हाला सांगतात. ते खोटं आहे. उलट फिट कुत्र्यालाही येते आणि जनावरांचे डॉक्टर त्याला फेनोबार्बिटोन देतात, जी गोळी माणसालाही दिली जाते. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की गल्लीतलं अनोळखी कुत्रं झटके देत असेल, लाळ गाळत असेल, तर त्याला हात लावू नका. ते पिसाळलेलं असू शकतं.

औषधं नियमित घेतली तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कुत्रं फिरवण्याची पहिली तयारी दोरी हातात घ्यायच्या आधी, गोळीच्या डबीपाशी होते. एक गोळी चुकली, रात्र जागली, ताप आला, दारू घेतली, की बऱ्याच दिवसांची शांत फिट उठते. अशा दिवशी कुत्रं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी न्यावं. गोळी नुकतीच बदलली असेल किंवा मात्रा कमी केली असेल, तर पुढचे काही आठवडे एकट्याने बाहेर पडायचं नाही. डॉक्टरांना सरळ विचारावं, "मी कुत्रं फिरवते, रस्त्याने जाते, चालेल का?" हा प्रश्न विचारायला लाजू नये. लाज वाटते म्हणून पेशंट सांगत नाही आणि वेळ नसतो म्हणून डॉक्टर विचारत नाही, हे वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षं बघितलं आहे.

आता दोरीचं. हे जरा नीट समजून घ्या, कारण खरा धोका इथे आहे.

मोठी फिट येते तेव्हा पहिले काही सेकंद सगळं अंग लाकडासारखं ताठ होतं आणि मूठ आवळली जाते. मग हातपाय झटके देतात. आवळलेली मूठ त्या माणसाला स्वतःला सोडवता येत नाही, शुद्धच नसते. म्हणून दोरी मनगटाला गुंडाळली असेल, किंवा तिच्या टोकाच्या फासात हात घातला असेल, तर ती सुटण्याची काही शक्यता राहत नाही. कुत्रं जिकडे जाईल तिकडे माणूस जातो. लोखंडी साखळी असेल तर कातडी सोलते. डबीतून आपोआप लांब-आखूड होणारी दोरी मिळते, ती तर घेऊच नका. बारीक असते, बोटात काचते, आणि डबी हातातून पडली की फरफटत कुत्र्यामागे येते, त्या आवाजाने कुत्रं आणखी बिथरतं.

मग काय वापरायचं? रुंद, सुती किंवा नायलॉनची सपाट पट्टी, हाताच्या दीड-दोन पट लांब. ती नुसती तळहातात धरायची, मनगटाभोवती नाही. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा असेल तर कुत्र्याला ओढायला जोर कमी मिळतो असं नाही, पण अचानक हिसका बसला तर त्याच्या गळ्याला इजा होत नाही. जोराने ओढणाऱ्या कुत्र्यासाठी ज्याची कडी पाठीवर नसून छातीच्या पुढे असते, तो पट्टा बरा. दोरी कमरेच्या बेल्टला अडकवायची पद्धतही आहे. कुत्रं लहान आणि शांत असेल तर ती चांगली, कारण माणूस पडला तरी कुत्रं जवळच राहतं. दांडग्या कुत्र्याला हे कधीच करू नका. आमचा साधा नियम असा: जे कुत्रं उभ्या माणसाला ओढून नेऊ शकतं, ते पडलेल्या माणसाला अंगाला बांधायचं नाही.

आणि एका वेळी एकच कुत्रं. दोन कुत्र्यांचे पैसे जास्त मिळतात हे आम्हाला कळतं. तरीही एकच. एक घरी सोडून दुसरं आणावं, अर्धा तास जास्त जाईल.

दोरी मुठीत नुसती धरली तर फिटमध्ये कुत्रं सुटून रस्त्यावर जाईल, हा प्रश्न त्या मुलीनेच आम्हाला विचारला. रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर दोरीत नाही, शिकवणीत आहे. गल्लीत, रहदारी नसलेल्या जागी, चालता चालता दोरी मुद्दाम खाली टाकायची आणि "थांब" म्हणायचं. कुत्रं थांबलं की लगेच बिस्किटाचा तुकडा. रोज पाच-सहा वेळा. मग "थांब" न म्हणता नुसती दोरी टाकायची. मग दोरी टाकून स्वतः खाली बसायचं, नंतर आडवं व्हायचं. पोरं हसतात, हसू द्या. काही आठवड्यांत बहुतेक कुत्र्यांच्या डोक्यात बसतं, की दोरी पडली म्हणजे इथेच बसायचं, खाऊ मिळतो. देशी कुत्रं हे लवकर शिकतं, आमचा तरी अनुभव तसा आहे. गळपट्ट्याला मालकाच्या फोन नंबरचा बिल्ला असला म्हणजे सुटलेलं कुत्रंही परत मिळतं.

कुत्र्याला फिट आधी कळते का, हेही लोक विचारतात. फ्रान्समधल्या रेनच्या संशोधकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवलेल्या पाच कुत्र्यांनी फिटच्या वेळचा माणसाचा वास इतर वेळच्या वासातून ओळखला होता. म्हणजे वास वेगळा असतो हे दिसतं. पण म्हणून आपल्या दारातला मोती आधी सांगेल, या भरवशावर गोळी सोडायची नाही. परदेशात फिटच्या माणसाजवळ थांबायला, भुंकून माणसं बोलवायला मुद्दाम शिकवलेली कुत्री असतात. त्यांच्या शिकवणीला बराच काळ आणि बराच पैसा लागतो.

स्वतःच्या शरीराची खूण ओळखणं जास्त उपयोगी. काही जणांना फिटच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, जळका वास येतो, एका हाताला मुंग्या येतात. तेवढे काही सेकंद मिळाले तर तीनच कामं करायची: दोरी सोडायची, रस्त्यापासून दूर व्हायचं, जमिनीवर बसायचं. घरी पळत जायचा प्रयत्न करू नये, मधेच पडायला होतं.

फिट म्हणजे दर वेळी हातपाय झाडणंच असतं असं नाही. काही फिटमध्ये माणूस पडत नाही. टक लावून बघतो, ओठ चावल्यासारखे हलवतो, कपडे चाचपतो आणि चालतच राहतो. हाक मारली तरी कळत नाही. कुत्र्याच्या मागे तो सरळ रहदारीत जाऊ शकतो. बघणाऱ्याला वाटतं तंद्री आहे किंवा घेतलेली आहे. अशा फिट असणाऱ्यांनी रस्त्याच्या कडेने एकट्याने कुत्रं नेऊच नये.

वाट कोणती धरायची, याला फार अक्कल लागत नाही, पण सवय मोडावी लागते. आपल्या बऱ्याच वस्त्या रेल्वेच्या रुळांना किंवा नाल्याला लागून आहेत आणि कुत्रं न्यायला तीच मोकळी जागा असते. फिटच्या माणसाने ती जागा सोडावी. रूळ, नाल्याचा काठ, उघडं गटार, पूल, विहीर, तलाव, हायवे, सगळं सोडावं. मैदान, बागेभोवतीची वाट, सोसायटीचं आवार, मातीची जागा बरी. पहाटेच्या अंधारात न जाता उजाडल्यावर, माणसांची ये-जा सुरू झाल्यावर जावं. गोळी आणि दोन घास पोटात हवेत. भर उन्हात नको. रोज एकच वाट आणि एकच वेळ ठेवावी, म्हणजे चहाची टपरीवाला, भाजीवाली, झाडूवाल्या ताई ओळखीच्या होतात आणि उशीर झाला तर घरच्यांना कुठे शोधायचं ते कळतं. ज्यांना एकाएकी धाडकन पडायची फिट येते, त्यांनी सायकलचं हेल्मेट घातलं तर काही बिघडत नाही. टाक्यांपेक्षा हसणं परवडतं.

आता बघणाऱ्यांसाठी. कुत्र्यासकट माणूस पडलेला दिसला तर काय करायचं?

आधी घड्याळ बघा, किती वाजले ते लक्षात ठेवा. मग कुत्रं. त्याच्यावर ओरडू नका, दगड उचलू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. ते मालकाला राखत असतं, तुम्ही अंगावर धावून गेलात तर चावेल. बाजूने, हळू, त्याच्या नावाने किंवा नुसतं चुचकारत जा. पडलेल्या माणसाची बोटं उघडून दोरी काढायला जाऊ नका, आवळलेली मूठ जोराने उघडली तर बोट मोडेल. कुत्रं शांत असेल तर त्याच्या पट्ट्याकडची कडी सोडवा आणि ओढणी, गमछा, जे असेल त्याने त्याला खांबाला बांधा, माणसापासून चार पावलं लांब. कुत्रं जवळ येऊच देत नसेल तर त्याला ओळखणाऱ्या माणसाला बोलवा, तोवर बिस्किट लांब टाकून बाजूला ओढून घ्या.

मग माणूस. डोक्याखाली दुमडलेली ओढणी किंवा स्वतःचा हात ठेवा. आजूबाजूचे दगड, काच, कुत्र्याची साखळी बाजूला करा. चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. झटके दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका. चमचा नाही, रुमाल नाही, पाणी नाही, गोळीही नाही. चप्पल, कांदा, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि लोकांना वाटतं चपलेने थांबली. झटके कमी झाले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते, श्वासात अडकत नाही. ५ मिनिटांच्या वर फिट चालली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर १०८ ला फोन करा.

शुद्धीवर आल्यावरही माणूस काही वेळ गोंधळलेला असतो. उठून भलतीकडे चालायला लागतो, ओळख पटत नाही, चिडतो. त्याला धरून ठेवू नका, सोबत राहा. आणि लगेच कुत्र्याची दोरी त्याच्या हातात देऊ नका. ही चूक आम्ही स्वतः एकदा केली आहे. "बरं वाटतंय" असं तो म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. कुत्रं दुसऱ्याने घरी पोचवायचं आणि माणसाला झोपू द्यायचं.

या गडबडीत कुत्रं कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. दंडात चामडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, एकही चुकवायची नाही. फिटच्या माणसालाही ही लस घेता येते. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगायचं आणि त्या बंद करायच्या नाहीत.

हे सगळं करायचं तर कुणाला तरी आजार सांगावा लागतो. इथे येऊन ती आई अडली. "सांगितलं तर काम जाईल, लग्न मोडेल." काम तर न सांगताच गेलं होतं. लग्नाचं म्हणाल तर कायदा माहीत असू द्या. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांच्या लग्नांनाही लागतो. त्यात पूर्वी वारंवार फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नाला हरकत होती. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्या कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकला. फिटच्या माणसाला लग्न करायचा पूर्ण हक्क आहे. पण लपवून करू नये असं आमचं मत आहे. लपवलं की सासरी गोळी लपूनच घ्यावी लागते, आणि लपून घेतलेली गोळी चुकते. मुलीच्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतात, त्यात सोडियम व्हॅल्प्रोएट मुख्य, म्हणून लग्न ठरायच्या आधीच डॉक्टरांशी बोलणं झालेलं बरं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बदलायची ती डॉक्टरांनी.

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. घरचे, ज्याचं कुत्रं आहे तो मालक, गेटवरचा वॉचमन आणि वाटेवरचा एखादा ओळखीचा, एवढ्यांना माहीत असलं तरी पुरे. शिवाय खिशात एक कार्ड ठेवायचं, मराठीत आणि हिंदीत. आम्ही त्या मुलीला करून दिलं ते असं:

"मला फिटचा आजार आहे. घाबरू नका. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. माझं औषध: … आईचा फोन: … माझ्यासोबतचं कुत्रं चावत नाही, त्याचं नाव … आहे. त्याला खांबाला बांधा आणि या नंबरवर कळवा: …"

कुत्रं चावरं असेल तर तसं खरं लिहायचं, आणि बाहेर नेताना त्याच्या तोंडाला जाळी बांधायची. मोबाइलच्या कुलूप लावलेल्या पडद्यावरही आणीबाणीचा नंबर दिसतो, तो भरून ठेवायचा. घरातल्या कुणाही पोराला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

तिसऱ्या घरचे काका निवृत्त झालेले, देशी कुत्रं त्यांचंच. मुलगी आईला घेऊन त्यांच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी वेळ बदलून साडेसात केली आणि वाट आवाराच्या आतली ठरवली. पगार तेवढाच. लॅब्रेडोरवाल्यांनी परत बोलावलं नाही. नंतर तिला आवारातल्याच दुसऱ्या एका घरचं म्हातारं कुत्रं मिळालं, फार चालत नाही, दर दहा पावलांवर बसतं. गोळीसाठी तिने मोबाइलला रात्री नऊचा गजर लावला आहे. मागच्या महिन्यात आम्ही गल्लीतल्या पोरांना जमवून फिटचा सराव घेतला. ती स्वतः आडवी झाली, दोरी टाकली, एका पोराने मिनिटं मोजली, एकीने ओढणीने कुत्रं खांबाला बांधलं. गाठ सैल बसली होती. कुत्रं सुटून आलं आणि तिचं तोंड चाटायला लागलं. गाठ परत बांधायला शिकवली.